मराठीत नसल्याने परत

मालुबाई : तितं सावलीला न्हवं. हितं बस, उन्हात. तोंड दिसू दे तुझं.

ज्योतिबा : पंचायतीत माणसं थांबल्यात गं आक्का. जरा घाईत हाय.

मालुबाई : आठ दिस झालं, घाईतच हाईस तू. आदी चहाच्या वक्ताला बरोब्बर माझ्या दारात हजर असायचास. आता वड्याच्या कडंनं, काट्याकुट्यातनं, परसामागनं जातोस. पँटीला कुसळं बघ किती लागल्यात.

ज्योतिबा : तिकडनं जवळ पडतंय.

मालुबाई : तिकडनं लांब पडतंय. माझं म्हायेर ह्याच गावात, सासर ह्याच गावात. वरल्या गल्लीतनं खालल्या गल्लीत दिली मला, पाच मिनटाची वरात. मला नगो वाटा शिकवूस. आज सुनेला वड्याकडंला उभी करून तुला आणवावं लागलं. रूपाली लाजून मेली बिचारी, मामासासऱ्याला वाटंत अडवायचं म्हणून. मी काय खाईन व्हय रं तुला?

ज्योतिबा : न्हाय गं. कामं हुती.

मालुबाई : असूद्यात. मी मसूर निवडतीया, हात चालू दे, तोंडानं बोलते. परवा रस्तेवाल्यांनी दगड रोवलं. तुला ठावंच असंल, मेंबर हाईस. पिवळा रंग मारलेलं दगड. एक माझ्या इहिरीच्या अंगाला, एक भाताच्या खाचरात मधोमध, एक पल्याडच्या बांधावर. आमच्या सौरवनं, लेकानं, कामावरनं आल्यावर दोरी लावून बघितलं. रस्ता गेला की माझ्या एकरातलं नऊ गुंठं उरतंय म्हणाला. ते बी रस्त्याच्या पल्याड, आनी तितं जायाला वाट न्हाय. इहीर तर रस्त्याच्या पोटातच.

ज्योतिबा : बघितलंय मी.

मालुबाई : कवा बघितलंस? आमी सगळी तितं उभी हुतो. तू न्हवतास.

ज्योतिबा : सगळी गेल्यावर गेलतो. एकटाच.

मालुबाई : एकटाच. बरं. आता उद्याचं ऐक. उद्या अकराला बेळगावात साहेबाफुडं सुनावणी हाय. वकील म्हणाला, शेवटचा हुकूम अजून निघालेला न्हाय. एकदा निघाला की मग देव आला तरी दगड हलायचा न्हाय, काय असंल ते उद्याच. आनी त्येला मेंबराचा कागूद पायजे. रस्त्याची नोटीस गावात आलीच न्हाय, आमाला कुणी इचारलंच न्हाय, असं तू लिवून द्यायचं. एक सही. नागेंद्र वकिलाकडनं कागूद घेऊन हितंच येणार हाय आता.

ज्योतिबा : दुसऱ्या कुणा मेंबराची घ्या की.

मालुबाई : दुसऱ्यांच्या झाल्यात. जमिनी तुझ्या वॉर्डात, म्हणून तुझीच पायजे म्हणतोय. आनी दुसऱ्याची कशाला रं? मतं मागत दारोदार हिंडले, पायाच्या टाचा फुटल्या माझ्या, त्या काय दुसऱ्यासाठी? पंधरा दिसांवर भाताची, पावसाआदीची धूळवाफ पेरणी आलीया. बी काढून ठेवलंय. पेरू का नगो ते कळंना झालंय मला. तुला एक सही जड झाली?

ज्योतिबा : मला तसं लिवून देता येत न्हाय आक्का.

मालुबाई : का? हात मोडलाय?

ज्योतिबा : नोटीस आलती.

मालुबाई : कुठं आलती?

ज्योतिबा : गावात. माझ्या हातात.

मालुबाई : सांडलं बघ सगळं. न्हाय, तू नगो हात लावूस. मी भरते. कवा आलती?

ज्योतिबा : फाल्गुनात. देवळाच्या मंडपात ग्रामसभा भरलती बघ. तलाठी आलता, पद्मराज, निपाणीकडचा. त्यानं कागद दिला, मी मराठीत आणा म्हणून परत केला. तोच कागद.

मालुबाई : त्यो पाट्यांचा हुता. दुकानांच्या पाट्या कानडीत करा म्हणून आलेला. तूच सांगितलंस आमाला.

ज्योतिबा : मीच सांगितलं.

मालुबाई : गुलाल उधळला लोकांनी. नागेंद्रनं खांद्यावर घेतलं तुला. म्या दारात ववाळलं.

ज्योतिबा : व्हय.

मालुबाई : मग पाट्यांचा न्हवता म्हणतोस?

ज्योतिबा : रस्त्याचा हुता. कुणीतर विचारलं, मेंबर, काय हुतं त्यात? म्हणलं, असंल कायतर पाट्यांचं. तेच गावभर झालं.

मालुबाई : असं हाय व्हय. मग घाबरतोस कशाला एवढा? कानडी लिवलेलं, तुला काय कळणार त्यातलं? न कळता गेलं हातातनं. सरळ सांगायचं उद्या, साहेब, मला वाचता येत न्हाय, चूक झाली. आईच्या पोटातनं येतंय व्हय कुणी सगळ्या भाषा शिकून? त्यात लाजायचं काय एवढं? आठ दिस तोंड चुकवून हिंडलास येवढ्यासाठी. येडा हाईस बघ.

ज्योतिबा : आक्का.

मालुबाई : काय?

ज्योतिबा : येतं मला.

मालुबाई : काय येतं?

ज्योतिबा : कानडी. वाचायला येतं. लिवायला बी येतं.

मालुबाई : कवापास्नं?

ज्योतिबा : मच्छे गावच्या फौंड्रीत अकरा वर्सं हुतो न्हवं मी, टाइमकीपर. हजेरी कानडीत लिवावी लागायची. धारवाडकडचे एक मेस्त्री हुते, लई चांगला माणूस. दुपारच्या सुट्टीत डबा खाऊन झाला की शिकवायचे. सहा महिन्यांत मी पेपर वाचायला लागलो. गावात बोललो न्हाय कुणाला. मग मेंबरकीला उभारलो तवा तर भाषणात सांगायचो, त्यातलं एक अक्षर मला कळत न्हाय आणि कळून घ्यायचं बी न्हाय. टाळ्या पडायच्या गं. एकदा तसं बोलून बसल्यावर मग तसंच वागावं लागतंय. रेशनच्या दुकानात जा, बँकेत जा, सगळीकडं तोंड येड्यागत करून उभं राहायचं.

मालुबाई : डोळ्याच्या दवाखान्यात नेलतास मला गेल्या साली.

ज्योतिबा : व्हय.

मालुबाई : डोळ्यात औषध घातलेलं, मला काय दिसत न्हवतं. हाताला धरून दीड तास ह्या दारातनं त्या दारात फिरवलंस. पाटी वाचता येत न्हाय म्हणून दिसंल त्येला इचारत हुतास. माझी पाळी निघून गेली. दुसऱ्या दिशी परत आलो आपण.

ज्योतिबा : आपल्या गावची दोन माणसं हुती तितं. बाकड्यावर बसलेली.

मालुबाई : म्हणून.

ज्योतिबा : म्हणून.

मालुबाई : काय हुतं त्या कागदात? सगळं सांग. सावकाश सांग, मला कळलं पायजे.

ज्योतिबा : मच्छ्याच्या कारखान्यांचे ट्रक गावाबाहेरनं काढायला रस्ता करायचा हाय. त्याच्या दोन रेघा काढलत्या. एक वरनं, माळावरनं, जितं गवताबिगर काय येत न्हाय. एक खालनं, भाताच्या शिवारातनं. खालची जवळची, म्हणून खात्याला बरी. पण पंचायतीला विचारलेलं, की ठराव करा आणि कुठली रेघ पसंत ते सांगा. तीस दिवसांत काय कळवलं न्हाय तर खालची पसंत हाय असं धरलं जाईल. तसं एक वाक्य हुतं शेवटी. त्याच्या खाली नावं. चौदा खातेदार.

मालुबाई : माझं हुतं?

ज्योतिबा : पहिलंच तुझं. रेघ तुझ्या बांधापासनं चालू हुते, म्हणून.

मालुबाई : कानडीत माझं नाव कसं दिसतंय रं?

ज्योतिबा : आक्का, नको ना.

मालुबाई : न्हाय, सांग की. मराठीतलं बी मला वाचता येत न्हाय, कानडीतलं तर कुठनं येणार. तू बघितलंस म्हणून इचारते.

ज्योतिबा : चार अक्षरं. गोलगोल. मराठीत बी चारच हायत.

मालुबाई : ती चार अक्षरं बघितलीस आनी कागूद परत दिलास.

ज्योतिबा : बघितली आणि मान वर केली. समोर अख्खं गाव बसलेलं. पोरांनी मोबाइल धरलेले. पद्मराज माझ्या कानाशी आला, म्हणाला, अण्णा, मी मराठीत वाचून दाखवतो, तेवढा घ्या, शेताबिताचं हाय. हळू बोलला, माझी लाज राखायला. मोठ्यानं बोलला असता तर बरं झालं असतं, सगळ्यांनी ऐकलं असतं. तेवढ्यात मागनं कुणीतर ओरडलं, मराठीत आणा म्हणावं. आणि माझ्या तोंडातनं तेच गेलं. पेन काढलं, कागदावर लिवलं, मराठीत नसल्याने परत. खाली सही केली. अशी झोकात सही मी स्वतःच्या लग्नात बी केली न्हाय.

मालुबाई : आनी मग?

ज्योतिबा : मनात म्हणलं, उद्या गपचूप कचेरीत जाऊन आणू. तीस दिस हायत. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. मग बेळगावच्या शहापुरात एका मंडळानं शाल-नारळ दिला, हार घातला. सत्कार घेऊन आल्यावर त्याच कचेरीत कुठल्या तोंडानं जाऊ? म्हणलं, अजून पंधरा दिस हायत. मग आठ हायत म्हणलं. शेवटच्या दिवशी गेलतो गं आक्का, शपथ. कचेरीच्या फाटकापर्यंत गेलतो. समोरच्या चहाच्या गाड्यावर आपल्याकडची दोघं उभी. मला बघून हाक मारली, या मेंबर, वाघ आला म्हणून. त्यांच्याबरोबर चहा पिलो आणि मागं फिरलो.

मालुबाई : सत्कारात म्या बी हुते. शेवटच्या रांगेत बसलते.

ज्योतिबा : बघितलं हुतं.

मालुबाई : आता माझं ऐक. ग्रामसभेनंतर चार-पाच दिसांनी त्यो पद्मराज माझ्या दारात आलता.

ज्योतिबा : ठावं हाय.

मालुबाई : तुला ठावं हाय, पर माझ्या तोंडनं ऐक. भर दुपारी आलता, घामानं चिंब. नियमात न्हाय, पर तुमचं नाव पैलं हाय म्हणून आलो म्हणाला. हातात कागूद. मला वाटलं, घ्यावा का नगो? तुझा मान जाईल का? म्हणून रूपालीला कट्ट्यावर धाडली, ज्योतिबामामाला इचारून ये म्हणलं. आलती का?

ज्योतिबा : आलती.

मालुबाई : काय सांगितलंस तिला?

ज्योतिबा : घेऊ नको म्हणावं.

मालुबाई : तवा तुला ठावं हुतं कशाचा कागूद ते.

ज्योतिबा : ठावं हुतं.

मालुबाई : कट्ट्यावर कोण कोण हुतं?

ज्योतिबा : पाच-सहा जण.

मालुबाई : पाच-सहा जण. नुसतं उठून पोरीला बाजूला घेतलं असतंस तर झालं असतं.

ज्योतिबा : झालं असतं.

मालुबाई : रूपाली परत आली, म्या त्या माणसाला सांगितलं, आमचा ज्योतिबा न्हाय म्हणतो, म्हंजे न्हाय. दारात आलेल्या माणसाला पाणी इचारलं न्हाय म्या. जल्मात कवा झालं न्हवतं तसं. दार लावून घेतलं. त्यो भाईरनं म्हणत हुता, आक्का, शेताचं हाय, निदान ऐकून तरी घ्या. म्या ऐकलं ते. शेताचं हाय म्हणालेलं ऐकलं आनी कडी काढली न्हाय. म्हणलं, शेताचं असतं तर ज्योतिबानं सांगितलं नसतं का?

ज्योतिबा : असं नको बोलूस.

मालुबाई : मग कसं बोलू? तू शिकीव. तुला भाषा येत्यात.

(मोटारसायकल थांबल्याचा आवाज. नागेंद्र फाइल घेऊन अंगणात येतो.)

नागेंद्र : वा, अण्णा इथंच सापडले, बरं झालं. मावशी, पाणी द्या जरा आधी. वकिलांकडं सकाळपासून बसलोय. कागद झक्क झालाय. मुद्दा असा मांडलाय, की नोटीस पंचायतीत आली नाही, ग्रामसभेसमोर ठेवली नाही, तलाठी रस्त्याच्या कामासाठी गावात फिरकलाच नाही. आणि उद्या त्यांनी एखादा कागद काढून दाखवलाच, तर तो तलाठ्यानं मागाहून घरी बसून केलेला आहे. त्याच्यावर वेगळी तक्रार पण टाकलीय आपण. चौकशी लागली की बदली तरी होईल, नाहीतर घरी बसेल.

ज्योतिबा : कुणावर तक्रार?

नागेंद्र : तोच की, पद्मराज. माणूस तसा सरळ आहे म्हणतात. पण कुणाच्या तरी गळ्यात घातल्याशिवाय केस उभी राहत नाही, वकील म्हणाले. घ्या, इथं सही. आणि इथं.

ज्योतिबा : आक्का, तू सांग ह्याला.

मालुबाई : मी न्हाय. मी मसूर निवडतीया.

नागेंद्र : काय झालं? काय सांगायचंय?

ज्योतिबा : नागेंद्र, तू बस आधी. ग्रामसभेत मी जो कागद परत केला, तो पाट्यांचा न्हवता. रस्त्याची नोटीस हुती ती. दोन्ही रेघांची. तीस दिवसांची मुदत त्यातच हुती. मी वाचून परत केली.

नागेंद्र : वाचून? तुम्ही? चेष्टा करताय काय अण्णा?

ज्योतिबा : मला कानडी येतं. तुझ्या खिशातनं वर आलेल्या गाडीच्या पावतीवर काय छापलंय ते हितनं वाचून दाखवू?

नागेंद्र : नको.

ज्योतिबा : आक्काच्या दारात पद्मराज परत आलता. तिनं मला विचारायला पाठवलं. तिला बी मीच घेऊ दिलं न्हाय.

नागेंद्र : मावशी, हे खरं आहे?

मालुबाई : त्येनं सांगितलं न्हवं? मग.

नागेंद्र : आमची बारा गुंठं आहेत त्या रेघेत, अण्णा. तुम्हाला माहीत आहे. बाबा रोज उठून त्या दगडापाशी जाऊन बसत्यात. जेवायला हाक मारली तरी उठत न्हाईत. एकच इचारत्यात मला, नोटीस न देता कशी काय नेतील रं? दिली असती तर माळावरनं न्या म्हणून आपण सांगितलं नसतं का? रोज तेच. मी म्हणतो, कचेरीतल्यांनी फसवलं आपल्याला. आता काय म्हणू त्यास्नी?

ज्योतिबा : मी फसवलं म्हण.

नागेंद्र : सोपं आहे व्हय म्हणायला? थांबा. जरा थांबा, मला विचार करू दे. हे आत्ता बोललात ते ह्या अंगणातच राहू दे. आपल्या तिघांशिवाय कुणाला माहीत नाही. तुम्ही सही करा. फाइलीत तुमचं लिहिलेलं निघालं, तर बनावट म्हणू. अक्षर तपासायला वर्ष जातं, तोवर काम थांबेल.

ज्योतिबा : आणि पद्मराज?

नागेंद्र : त्याचं तो बघेल.

ज्योतिबा : त्यानं माझी लाज राखली त्या दिवशी, सगळ्यांदेखत. आणि मी त्याची नोकरी खाऊ? माझ्या हातानं सही करून? न्हाय रं. तेवढं उरलेलं तरी राहू दे मला.

नागेंद्र : खरं सांगायला गेलात तर काय होईल कळतंय का? साहेब म्हणतील, गावानं स्वतःच नोटीस नाकारली, विषय संपला. किंवा, आता मला कायद्याचं पक्कं माहीत नाही, पण वकील म्हणू शकतील, की लोकांना मेंबरनं कळूच दिलं नाही, लोकांचा काय दोष, तीस दिवस परत द्या. देतील, नाही देतील. ह्या मावशीसाठी एखाद वेळ देतीलही, तिनं घरी आलेला कागद तुमच्या सांगण्यावरनं नाकारला म्हणून. पण तुमचं काय? मेंबरकी सोडा. गावात कुणी या, बसा म्हणणार नाही तुम्हाला.

ज्योतिबा : ते सुरू झालंय. मघापासनं उन्हात बसवलंय आक्कानं.

नागेंद्र : खांद्यावर घेतलं होतं मी तुम्हाला. मंडपापासनं पंचायतीपर्यंत.

ज्योतिबा : व्हय.

नागेंद्र : सगळ्यांत मोठ्यानं मी ओरडत होतो. घसा बसला होता दोन दिवस.

ज्योतिबा : मला ऐकू येत हुतं. वरनं सगळं दिसत बी हुतं. आक्काचं शेत बी दिसत हुतं, मसूर काढून झालेलं.

नागेंद्र : हा कागद मी परत नेतो. वकिलांना काय सांगायचं ते मी बघतो. पण बाबांना मी सांगणार नाही. तुम्ही जाऊन सांगायचं. दगडापाशीच असतील आत्ता. आणि अण्णा, त्यांना कमी ऐकू येतं. मोठ्यानं सांगावं लागेल.

ज्योतिबा : जातो.

नागेंद्र : येतो मावशी. पाणी राहू द्या.

मालुबाई : भरलेला तांब्या हाय, पिऊन जा. दारातनं कुणी तसंच गेलेलं मला आता सोसत न्हाय. हां. आता जा.

ज्योतिबा : आक्का, तू कायतर बोल. शिव्या दे मला.

मालुबाई : दिल्या की तुला बरं वाटंल. म्हणून देत न्हाय.

ज्योतिबा : लहानपणी मारायचीस की मला तू. आई गेल्यावर तूच वाढवलंस. चोरून आंबा खाल्ला तरी पाठीत धपाटा घालायचीस. आज हात बी उचलत न्हाईस.

मालुबाई : त्यो आंबा दुसऱ्याचा हुता, म्हणून मारलं. लोक म्हणतील, मालूचा भाऊ चोर हाय, म्हणून मारलं. आता बघ, लोकांच्या भ्यानं मारलं तुला, तू बी लोकांच्या भ्यानंच वागलास. काय बोलायचं त्यात? माझं शेत गेलं तर सौरवला काय न्हाय वाटायचं, त्येला कंपनीचा पगार हाय. मोबदला येईल, दोन वर्सांत घराला फरशी बसवंल, गाडी घेईल. मला काय? सकाळी उठून जायाचं कुठं म्या? चाळीस वर्सं त्या इहिरीच्या काठावर न्ह्यारी केलीया. सासू गेली, नवरा गेला, तरी सकाळी तितंच जाऊन बसले. आता घरात बसून टीव्ही बघू व्हय रं मी?

ज्योतिबा : उद्या मी साहेबाफुडं बोलतो. काय घडलं ते सगळं. वाचता येत हुतं ते बी.

मालुबाई : बोलशील?

ज्योतिबा : बोलीन.

मालुबाई : तितं बी चहाच्या गाड्यावर कुणीतर असंल.

ज्योतिबा : असूदे.

मालुबाई : मघाशी पाच-सहा जण म्हणालास. उद्या अख्खं गाव असंल, चौदा घरची माणसं येणार हायत.

ज्योतिबा : असूदेत आक्का. मला भ्या वाटायलंय, खोटं कशाला बोलू. पण बोलीन.

मालुबाई : ही मसूर झाली निवडून. आता भाताच्या बियाला ऊन दाखवाय पायजे. पेरायचं का नगो, काय कळंना.

ज्योतिबा : मी म्हणतो, तू…

मालुबाई : तुला न्हाय इचारलं. माझं मीच बोलले.

ज्योतिबा : बरं. मग मी जातो. नागेंद्रच्या बाबांकडं जातो आदी. सरळ वाटंनं जातो.

मालुबाई : जा.

ज्योतिबा : उद्या तुझ्याबरोबर येऊ का गं?

मालुबाई : नवाची गाडी हाय. माझ्या बाकावर बसू नगोस. पर ये.